चाचेकन्यांचे जहाज खरे वाटावे

महोदय,

स्त्री चाच्यांवरच्या कुमार कादंबऱ्यांत पंधरा वर्षांची कप्तान एकटीच सुकाणूचे चक्र फिरवते आणि तोफही डागते. फक्त मुलींचा ताफा ही कल्पना असली तरी हरकत नाही, पण जहाज खरे हवे. अ‍ॅन बॉनी आणि मेरी रीड या खऱ्याखुऱ्या स्त्री चाच्या १७२० मध्ये जमैकाजवळ पकडल्या गेल्या, त्या एका डोलकाठीच्या लहान जहाजावर. अशा जहाजाला सहसा चक्र नसे, सुकाणूचा लांब दांडा असे. वारा समोरून आला की नागमोडी जावे लागते. दर वळणाला शिडाचे दोर ओढायला माणसे लागतात. लहान तोफेलाही तीन-चार जण हवेत. चकमकीच्या दगडाने ठिणगी पाडणाऱ्या पिस्तुलात एकच गोळी, आणि बंदुकीची दारू दमट झाली की ठिणगी पडूनही बार उडत नाही. म्हणून तर अ‍ॅन आणि मेरीवरच्या खटल्यातल्या साक्षीत दोघींच्या हाती पिस्तुलाबरोबर कोयताही आहे! अंगात पुरुषी जाकीट, लांब विजार, डोक्याला रुमाल. मुखपृष्ठांवरचे झगे शिडाच्या दोरांत अडकतील, हे चित्रकारांनाही कुणी सांगावे.

– एक वाचक, अलिबाग