रेवुएल्तासची दारू पुरे, संगीताचं बोला

प्रिय संपादक,

गेल्या रविवारच्या पुरवणीत मेक्सिकोचा संगीतकार सिल्वेस्त्रे रेवुएल्तास याच्यावर लेख बघून आधी खूप आनंद झाला, कारण एरवी पाश्चात्य संगीत म्हटलं की आपली गाडी बेथोवन-मोझार्टच्या पुढे सरकतच नाही. पण वाचत गेलो तसं डोकं फिरलं. अर्धा लेख दारूवर, उरलेल्या अर्ध्यात शापित प्रतिभा, वेडाचा झटका वगैरे. अहो, संगीत कुठेय? आपल्याकडे ही हौस जुनीच म्हणा, कलाकार पिणारा निघाला की त्याच्या कामाबद्दल बोलायची गरजच संपते.

दारू होती, कोण नाही म्हणतंय. 5 ऑक्टोबर 1940 ला न्यूमोनियाने गेला तेव्हा जेमतेम चाळीस वर्षांचा होता, आणि शरीर दारूने पोखरलेलंच होतं. पण या माणसाने ऑर्केस्ट्रासाठी जे काही महत्त्वाचं लिहिलं ते सगळं शेवटच्या दहा-अकरा वर्षांतलं आहे, त्याआधी तो व्हायोलिनवाला होता. दुरांगो राज्यातल्या सांतियागो पापास्कियारोत जन्म, मग मेक्सिको सिटी, टेक्सासमधलं ऑस्टिन, शिकागो असं शिक्षण, आणि पोटापाण्यासाठी सॅन अँटोनियो आणि अलाबामातल्या मोबील इथे थिएटरच्या ऑर्केस्ट्रात नोकऱ्या. 1929 मध्ये संगीतकार कार्लोस चावेझने त्याला मेक्सिकोला बोलावून आपल्या सिंफनी ऑर्केस्ट्राचा सहायक कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंदाचा सहायक संचालक, केलं आणि लिही म्हणून मागे लागला. मग कंडक्टिंग, कॉन्झर्व्हेटरीत शिकवणं आणि त्यातून वेळ काढून कुआउनाउआक, एस्किनास, व्हेन्तानास, हानित्सियो अशा रचना एकामागोमाग एक. झिंगून पडलेला माणूस एवढं काम करतो का हो?

आणि विनोदी किती होता! हानित्सियो हे पात्स्कुआरो तळ्यातलं बेट, पर्यटकांचं लाडकं. या रचनेबद्दल त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की तळं तर कुरूपच आहे, पण रोमँटिक प्रवाशांनी त्याच्यावर कविता आणि पोस्टकार्डछाप संगीत केलंय, मग मी तरी मागे का राहू, देशाच्या पर्यटनाला हातभार लावल्याबद्दल पुढच्या पिढ्या माझं कौतुक करतीलच. असला माणूस तुमच्या लेखात रडका देवदास होऊन बसलाय.

आता सेन्सेमाया. लेखात एका ओळीत ‘गूढ रचना’ म्हणून उरकलंय. निकोलास गियेन या क्यूबन कवीची साप मारतानाच्या मंत्राची कविता, त्यावर 1937 मध्ये रेवुएल्तासने आधी छोट्या वाद्यवृंदासाठी लिहिलं आणि पुढच्याच वर्षी मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी नव्याने मांडलं. जेमतेम सात मिनिटांचा तुकडा. सुरुवातीला बास क्लॅरिनेट खाली घुमत असतो, त्यावर बासून (हेही खर्जातलं फुंकवाद्य) सरपटत येतो, तालवाद्यं टकटक करत राहतात आणि मग ट्युबा, पितळी वाद्यांतलं सगळ्यात बोजड, तो चक्क मुख्य धून गातो! ताल सात मात्रांचा. आपला रूपक ताल ऐकलेल्या कानांना सात काही नवीन नाही, फक्त आपल्याकडे वजन 3-2-2 पडतं आणि इथे 2-2-3, त्यामुळे दर आवर्तनाला पाय किंचित अडखळतो आणि तीच तर मजा आहे. शेवटाकडे सगळ्या धुना एकमेकींवर चढतात, तिथे आवाज कमी केलात तर पैसे फुकट.

ऑगस्ट 1936 मध्ये स्पेनमध्ये कवी लोर्काला मारलं तर याने त्याच वर्षी त्याच्यासाठी श्रद्धांजली लिहिली, तिचा लेखात उल्लेखसुद्धा नाही. त्यात व्हायोला नाहीत, चेलो नाहीत, नुसते दोन व्हायोलिन आणि एक डबल बास, बाकी पिकोलो (छोटी बासरी), ट्रम्पेट, ट्युबा, पियानो असला खेडेगावच्या बँडसारखा संच. ट्रम्पेट एकटाच गातो आणि मध्येच नाच सुरू होतो. शोकात नाच, हे फार थोड्यांना जमतं. आणि पुढच्या वर्षी तिथलं यादवी युद्ध पेटलेलं असताना तो स्वतः स्पेनला गेला, तिथे कार्यक्रम केले. हे सगळं सोडून गुत्ता कुठला होता यावर परिच्छेद!

एक चूक तर दुरुस्त कराच. ‘ला नोचे दे लोस मायास’ ही ‘त्याने लिहिलेली भव्य सिंफनी’ असं छापलंय. त्याने 1939 च्या त्या नावाच्या चित्रपटाला संगीत दिलं होतं, आज मैफलीत वाजतो तो चार भागांचा सूट, म्हणजे त्या संगीतातल्या तुकड्यांची माळ, कंडक्टर होसे इवेस लिमान्तूरने रेवुएल्तास गेल्यावर वीस वर्षांनी जुळवला. रेवुएल्तासला तो कधी ऐकायलाच मिळाला नाही. शेवटचा तालवाद्यांचा धिंगाणा दणकेबाज आहे, मलाही आवडतो, पण श्रेय वाटून द्या की.

पेपरात लिंक छापता येत नाही हे कळतं, पण नावं तरी छापा. सेन्सेमायाचं रेकॉर्डिंग कंडक्टर बर्नस्टाइनचं न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबरचं आहे, सालोनेनचं लॉस एंजेलिसचं आहे, दुदामेलचंही आहे, तिन्ही ऑनलाइन मिळतात. माझं मत विचाराल तर आधी सालोनेनचं ऐका, त्याच्या अल्बमात लोर्कावाली श्रद्धांजलीही आहे.

आपला,
एक जुना वाचक, ठाणे