हॅलोविनला चिऊ जो मार्च होणार, मी हेस्टर

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. परवा व्हिडिओ कॉलवर बाबांनी विचारलं की दिवाळी आत्ता झाली, फराळ अजून डब्यात आहे आणि लगेच पोरीला भुतंखेतं कसली बनवताय, आणि नेमकं तेव्हाच नेट गेलं त्यामुळे उत्तर अर्धंच राहिलं, म्हणून आज चिऊ झोपल्यावर निवांत लिहायला बसलेय. आई, हे कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून घे, मोबाईलवर डोळे ताणत बसू नकोस, लांबलचक होणार आहे.

आधी बाबांचं. बाबा, चिऊ भूत होत नाहीये. आणि हॅलोविन हा सण नुसता भुतांचा पण नाहीये हो. १ नोव्हेंबरला ख्रिस्ती लोकांचा सगळ्या संतांचा दिवस असतो, त्याची आदली संध्याकाळ म्हणजे ३१ ऑक्टोबर, आणि त्याच्याही मागे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या केल्टिक लोकांचा सुगी संपल्याचा जुना सण आहे, त्या रात्री गेलेली माणसं परत घराकडे येतात असं ते मानायचे. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत आले ते हे सगळं सोबत घेऊन आले, तिकडे ते सलगम कोरून दिवा करायचे, इथे भोपळा मिळाला, मोठा आणि कोरायला सोपा. आपण वसईला राहायचो तेव्हा २ नोव्हेंबरला चर्चमागच्या दफनभूमीत मेणबत्त्याच मेणबत्त्या लागायच्या आणि तुम्ही मला मुद्दाम त्या रस्त्याने घेऊन जायचात, त्याच घरातलं हे भावंड आहे असं समजा.

तर चिऊच्या शाळेत हॅलोविन म्हणून करत नाहीत, त्याच आठवड्यात पुस्तकातली पात्रं व्हायचा दिवस असतो. आवडीच्या पुस्तकातलं कोणीतरी व्हायचं, ते पुस्तक सोबत न्यायचं आणि वर्गात सांगायचं की हीच का. मास्क नको, तलवार-बंदूक नको, कुठल्या समाजाची थट्टा होईल असं काही नको, एवढेच नियम. मग संध्याकाळी तेच कपडे घालून दारोदार चॉकलेटं मागायला जायचं. दुकानात पिशवीत घडी घातलेले चकचकीत राजकन्येचे झगे मिळतात, पण मला ते मनापासून नको होतं, कारण त्या झग्यातली मुलगी काही करतच नाही, तिला फक्त नेसवलेलं असतं. मी चिऊला म्हटलं की जिचं काहीतरी काम आहे, जिच्या हातात काहीतरी आहे अशी कोणी शोधू.

मग आमचा आठवडाभर हाच उद्योग चालला होता. ॲलिस पहिली आठवली, पण तिचा निळा झगा सगळ्यांचाच असतो. खरं तर १८६५ च्या मूळ पुस्तकात चित्रं काळी-पांढरी होती, आणि पुढे १८९० मध्ये लहान मुलांसाठी रंगीत आवृत्ती निघाली त्यात ॲलिसचा झगा पिवळा आहे! हे चिऊला इतकं आवडलं की एक दिवस ती पिवळी ॲलिस होणारच होती. मग पिप्पी, ती स्वीडनच्या १९४५ च्या पुस्तकातली, एकटी राहते, घोडा उचलते, लाल वेण्या दोन्ही बाजूंना आडव्या ताठ असतात, त्यासाठी वेणीत तार घालावी लागते, एक पायमोजा तपकिरी आणि एक काळा, आणि बूट पायाच्या दुप्पट लांब. ते बूट घालून अंधारात लोकांच्या पायऱ्या चढायच्या म्हणजे पोरगी तोंडावर पडणार, म्हणून ते राहिलं. ग्रीन गेबल्सची ॲन पण होती यादीत, आई, ती अनाथ मुलगी जिला आयुष्यात एकदा तरी फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक घालायचा असतो आणि तो तिला शेवटी न बोलणारा म्हातारा मॅथ्यू आणून देतो. तू मला दुसरीत शिवलेला फुग्याच्या बाह्यांचा आकाशी फ्रॉक, तो डोळ्यासमोर आला बघ. आणि मटिल्डा, रोआल्ड डालच्या गोष्टीतली पुस्तकवेडी मुलगी, ती तर सगळ्यात सोपी, केसाला रिबीन आणि हातात लायब्ररीच्या पुस्तकांची चळत, ऐनवेळी काहीच जमलं नाही तर अर्ध्या तासात मटिल्डा होता येतं, हे मी इथल्या सगळ्या आयांना सांगत असते.

शेवटी ठरली जो. जो मार्च. आई, तुझ्या 'चौघीजणी'तली जो! शांता शेळक्यांचं ते पुस्तक तू मला आजारपणात वाचून दाखवायचीस, त्याचं मूळ पुस्तक लुइसा मे अल्कॉटने १८६८ मध्ये जिथे लिहिलं ते कॉनकॉर्डचं घर आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर आहे. आम्ही चिऊला घेऊन गेलो होतो. वरच्या मजल्यावर तिच्या खोलीत दोन खिडक्यांच्या मधे भिंतीला बसवलेली एक अर्धगोल फळी आहे, बस्स, तेच तिचं लिहायचं टेबल, वडिलांनी करून दिलेलं. त्या काळात बाई माणसाने स्वतःच्या टेबलाशी बसून लिहिणं कोणाला फारसं पटायचं नाही आणि हिच्या बापाने फळी ठोकून दिली. बाबा, तुम्ही दहावीला मला जिन्याखालची जागा रिकामी करून दिवा लावून दिला होतात, मला तिथे उभं राहून तेच आठवत होतं. तिथून जवळच स्लीपी हॉलो नावाच्या दफनभूमीत तिची कबर आहे, दगड अगदी छोटासा, आणि लोक तिथे पेनं नि पेन्सिली ठेवून जातात. चिऊने पण तिची एक ठेवली, शार्पनरने नीट टोक काढून.

आता जोचे कपडे काय, तर पुस्तकातच दिलंय. जो लिहायला बसली की काळं लोकरी ॲप्रन घालायची म्हणजे टाक त्यालाच पुसता येईल, आणि त्याच कापडाची टोपी, तिला लाल रिबिनीचा बो. घरातले सगळे लांबूनच टोपी बघायचे. टोपी कपाळावर खाली ओढलेली असेल तर काम जोरात चाललंय, आत जायचं नाही, तिरकी बसली असेल तर गोष्ट रंगात आलीये, आणि काढून जमिनीवर भिरकावली असेल तर आज काही सुचत नाहीये, अजिबात बोलायचं नाही! चिऊला हे इतकं पटलंय की ती आत्तापासून टोपी घालून गृहपाठ करते आणि आम्हाला टोपीकडे बघूनच तिच्याशी बोलावं लागतं. ॲप्रन मी काळ्या लोकरी स्कर्टचं केलंय, जुन्या कपड्यांच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळाला, बोटांना शाई लावायची, कानाला पेन, झालं. आणि लोकर आहे ते बरंच आहे, कारण इथे ऑक्टोबरच्या शेवटी संध्याकाळी चांगलीच थंडी असते, मुलं मोठ्या हौशीने काहीतरी होतात आणि आया वरून जॅकेट चढवतात की सगळं झाकलं जातं. जोच्या खाली दोन थर्मल मावतात. वडील आजारी पडतात तेव्हा जो आपले लांब केस २५ डॉलरला विकून येते ना, तो भाग वाचल्यावर चिऊने मला विचारलं, आजोबा आजारी असताना तू काय विकलंस? मी म्हटलं काही नाही गं, मी विमानाने गेले. त्यावर ती गप्प झाली आणि केस टोपीखाली घालायचे असं तिचं तिनेच ठरवून टाकलं.

चेटकीण का नाही, हे पण सांगते, कारण शेजारची सगळी पोरं काळी टोकदार टोपी घालणार आहेत. इथून तासाभरावर सेलम गाव आहे, ऑक्टोबरभर तिथे पाय ठेवायला जागा नसते, सगळीकडे चेटकिणींच्या टोप्या विकायला. त्याच गावच्या लोकांनी १६९२ मध्ये चेटूक करतात म्हणून १९ जणांना फाशी दिलं, त्यात १४ बायका. आता तिथे त्यांच्या स्मारकात भिंतीतून बाहेर आलेले दगडी बाक आहेत एकेकाच्या नावाचे, १९९२ मध्ये बांधले. एक रिबेका नर्स (नर्स हे आडनाव) म्हणून बाई होत्या, ७१ वर्षांच्या. ज्युरीने आधी त्यांना निर्दोष ठरवलं होतं, मग परत विचार करायला लावला, आणि एका प्रश्नावर त्या काहीच बोलल्या नाहीत म्हणून दोषी ठरवलं. त्यांनी नंतर सांगितलं की मला ऐकायला कमी येतं, प्रश्न मला कळलाच नाही. तरी फाशी दिलीच. आई, मी त्या बाकापाशी बराच वेळ उभी होते, तू कानाचं मशीन काढून ठेवतेस आणि लोक काय बोलतात ते न कळता हसून मान हलवतेस तेच सारखं डोळ्यासमोर येत होतं. मशीन लावत जा, प्लीज. आणि ती टोपी मी चिऊच्या डोक्यावर घालणार नाही. बाकीच्यांनी घालावी, मला नाही जमणार.

आता माझं. आमच्या ऑफिसात बायकांनी मिळून ठरवलंय की सगळ्यांनी पुस्तकातल्या बायका व्हायचं. एकजण मिस हॅविशॅम होणार, लग्नाच्या दिवशी नवरा आलाच नाही म्हणून आयुष्यभर तोच झगा घालून बसलेली, तिने पांढरा झगा चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलाय, पायात एकच बूट आणि गळ्यात नऊला वीस मिनिटं कमी असताना थांबलेलं घड्याळ, काय सुंदर झालंय म्हणून सांगू. एकजण 'विझर्ड ऑफ ऑझ'मधली डॉरथी आहे आणि तिने चंदेरी बूट आणलेत कारण १९०० च्या पुस्तकात ते चंदेरीच आहेत, लाल झाले ते १९३९ च्या सिनेमात. मला अशी माणसं आवडतात जी पुस्तकातलं बघून करतात.

मी 'द स्कार्लेट लेटर' या कादंबरीतली हेस्टर प्रिन होतेय. गोष्ट साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या बॉस्टनमधली आहे, लिहिली १८५० मध्ये नॅथॅनिएल हॉथॉर्नने, जो सेलमचाच आणि ज्याचे खापरपणजोबा त्या चेटकिणींच्या खटल्यात न्यायाधीश होते. हेस्टरचा नवरा बेपत्ता असतो आणि तिला दुसऱ्या माणसापासून मुलगी होते. गाव तिला फळ्यांच्या ओट्यावर सगळ्यांसमोर तीन तास उभं करतं आणि छातीवर लाल 'ए' अक्षर, ॲडल्टरीचा म्हणजे व्यभिचाराचा 'ए', कायमचं लावायला लावतं. ती त्या माणसाचं नाव सांगत नाही. आणि ते अक्षर ती कसं लावते, तर सोनेरी जरीने इतकं देखणं भरून की लोक बघतच राहतात. स्वतः जाडाभरडा करडा झगा घालते आणि पोरीला मात्र लाल मखमलीचे भरलेले कपडे. शिवणकामावरच पोट भरते. गव्हर्नरच्या कॉलरपासून बाळाच्या टोपड्यापर्यंत सगळं गाव तिच्याकडून भरून घेतं, फक्त नवरीच्या डोक्यावरची पांढरी ओढणी तिच्याकडून कधीच कोणी करून घेत नाही.

बाबा, हे वाचलं तेव्हा मला तुमची माईआत्या आठवली. सगळ्या घराची झबली-टोपडी, कुंच्या, दुपटी तिच्या हातची, आईच्या साडीला फॉल तिने लावला, रुखवतातले रुमाल आणि तोरणं रात्र-रात्र बसून तिने भरली आणि रुखवतात मांडताना ते नवरीनेच केलंय असं सांगायचं, आणि मांडवात हळदीच्या वेळी ती मागच्या खोलीत. तिला कोणी 'ये' म्हणायचं नाही आणि ती पण विचारायची नाही. ती गेली तेव्हा मी लहान होते, पण तिच्या बोटाला दोऱ्याने पडलेला चरा मला आठवतो. तुम्ही तिच्याबद्दल फारसं बोलत नाही, तिचा एखादा फोटो असेल तर बघा ना. चिऊला दाखवायचाय, तिने विचारलंय.

आई, तू मागे दिलेल्या जुन्या नारायणपेठीचा काठ मी उसवला. साडी तशीही मधे विरलीच होती, काठ मात्र अजून चमकतोय. लाल कापडावर खडूने अक्षर काढलंय आणि काठाची जर त्यावर नुसती आडवी ठेवून वरून बारीक पिवळ्या दोऱ्याने बांधत जातेय, तू शिकवलं होतंस तसं, कारण जुनी जर कापडातून ओढली की तुटते. एक पाय पूर्ण झालाय. करडा झगा मिळालाय, पांढरी टोपी चिऊच्या टोपीबरोबरच शिवली. ऑफिसात कोणी विचारलं तर मी हेस्टरबद्दल सांगेनच आणि माईआत्याबद्दल पण सांगणार आहे.

तू फोनवर म्हणालीस ना की आपली 'फुलराणी' का नाही, मंजुळा, ते मी लिहून ठेवलंय. पुलंनी ते ज्या इंग्रजी नाटकावरून घेतलं त्यातली एलायझा पण फुलंच विकते, डोक्याला धुळीने माखलेली काळी गवती हॅट, गुडघ्यापर्यंतचा जुना कोट, समोर जाडाभरडा ॲप्रन आणि टोपलीत व्हायोलेटची फुलं. पुढच्या वर्षी तुम्ही दोघं ऑक्टोबरमध्ये इकडे या, मग चिऊ एलायझा आणि तू मंजुळा, गजऱ्यांची टोपली मी आणते. बाबांनी नुसतं प्रोफेसर म्हणून हातात वही घेऊन चालायचं, त्यांना वेगळे कपडे लागणारच नाहीत. बाबा, गुडघ्याचं डॉक्टरांना एवढ्यासाठी तरी आत्ताच दाखवून घ्या, तिकिटं मी बघते.

रविवारी नेहमीच्या वेळेला फोन करते. तोपर्यंत आई एवढं सांग, ती जुनी जर सारखी पिंजतेय, तिला आधीच मेण लावून घ्यायचं का, आणि टोकं मागे नेऊन गाठ मारायची की नुसती टाचायची. टाईप करत बसू नकोस, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठव.

तुमची,
ताई

ता.क. 'चौघीजणी' माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत नाही, बाबांच्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. सापडलं की कुरियर करा, चिऊला आता मराठी बऱ्यापैकी वाचता येतं.