उसवलेला आकडा

प्रिय मालू,

सप्रेम नमस्कार.

सात महिने तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिले नाही. त्याबद्दल तू मनात जे काही बोलली असशील ते रास्तच आहे. माझा गुडघा बरा आहे. आज लिहिते आहे ते मात्र क्षमा मागण्यासाठी नव्हे, तर झाले ते घरात सांगितले तर ‘जुन्या फडक्यावरून कोणाची झोप उडते का?’ एवढेच ऐकायला मिळेल म्हणून.

ज्याची चौकट उघडू नकोस असे तू बजावले होतेस, तो इंग्रजी सँपलर, म्हणजे लहान मुलीने टाके शिकताना भरलेला तो कापडी नमुना, मी उघडला. मागच्या फळीतले आम्ल कापडाला तपकिरी करत होते, हे कारण खरे. उलटी बाजू पाहण्याचा मोह त्याहून खरा. समोरून निळी दिसणारी झाडे मागून चक्क हिरवी आहेत, कारण उजेडाने त्यांतला पिवळा तेवढा उडाला. काळा दोरा मात्र रंगातल्या लोखंडाने कुजून दोन्हीकडून गळला आहे.

मुलीचे नाव आहे, ‘वय वर्षे नऊ’ आहे, आणि सालातला शेवटचा आकडा उसवलेला आहे. मोठेपणी वय लपवायला बायका साल उसवत, हे तुला सांगायला नको. तू असतीस तर पहिल्या आकड्यापासून सुरुवात केली असतीस. भिंगाखाली सुईची छिद्रे मोजली, तर ते शून्य वाटते. पण दोन छिद्रे अशा जागी आहेत की सहाही म्हणता येईल. म्हणजे १७९० की १७९६?

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्याच नावाच्या दोन चुलत बहिणी सापडल्या, एक १७८१ची, दुसरी १७८७ची. थोरलीच्या दफनाची नोंद बाराव्या वर्षीची आहे. गेलेल्या मुलीला वय लपवायचे नसते, म्हणून मी आनंदाने टिपणात १७९६ लिहून मोकळी झाले. रात्री मात्र मनात आले, धाकटीनेच थोरलीचे काम आपले म्हणून भिंतीवर लावले असेल तर? नाव तेच, नऊ वर्षेही चालतील. उसवायला लागला असता तो हा एकच आकडा. व्यापाऱ्यावर ढकलावे म्हटले तर साल असलेल्या नमुन्याला अधिक मोल येते, तो कशाला उसवेल? तेव्हापासून ते १७९६ मी तीनदा खोडले आणि तीनदा पुन्हा लिहिले.

तू म्हणशील, दिसते तेवढेच लिही. एलिझाबेथ पार्कर या इंग्रज मोलकरणीने कापडावर लाल टाक्यांत भरलेल्या कबुलीवरून आपले हेच भांडण झाले होते. मजकूर अर्ध्या वाक्यात तुटतो तिथे मला मृत्यू दिसला, तुला फक्त थांबलेला हात. आणि ती पुढे शिक्षिका होऊन म्हातारपणापर्यंत जगली हे कळले, तेव्हा तू आठवडाभर माझ्याकडे पाहून हसत होतीस. त्या वेळी चुकले, हे मान्य. पण माझा लाल अक्षरांचा नमुना पाण्यात बुडवून तू त्याचा रंग सगळीकडे पसरवलास, तेही मी विसरलेले नाही, तेव्हा फार ताठू नकोस.

नातवाची बातमी कळली, फार आनंद झाला, सविस्तर पुढच्या पत्रात. भाऊजींना नमस्कार.

छिद्रांचे दोन फोटो सोबत ठेवते आहे, एक उजेड समोरून धरून, एक बाजूने. खरे तर माझे मत कळण्याआधी तू ती मोजायला हवी होतीस. पण आता लिहून बसले. तरी मोज.

तुझी,
कुमी