आडनाव सारखे, पण जात आणि नाते विचारूनच लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

येत्या जनगणनेत जातीची नोंद होणार आहे. प्रगणकांना प्रशिक्षण देताना एक सूचना ठासून द्यायला हवी, ती म्हणजे आडनाव बघून जातीचा रकाना भरू नका. ही शंका उगाच नाही. २०२२ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांतील ओबीसी आरक्षणासाठी बांठिया आयोगाचे काम चालू होते, तेव्हा मतदार यादीतील आडनावांवरून जात लिहिली जात असल्याचा आक्षेप सत्ताधारी आणि विरोधक दोघांनीही घेतला होता. मतदार यादीत नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग अशी माहिती असते, जात नसते. तिच्यावरून जात लिहायची म्हणजे अंदाजपंचे काम.

एकटे ‘जाधव’ हे आडनाव घेतले तरी पुरे. सिंदखेडराजाचे लखुजी जाधव म्हणजे जिजाऊंचे वडील, १६२९ मध्ये दौलताबादेत निजामशाही दरबारात मारले गेले. सेनापती धनाजी जाधव याच घराण्यातले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. समीक्षक रा. ग. जाधव वाईत विश्वकोशाचे काम करत होते. अर्थतज्ज्ञ आणि पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू नरेंद्र जाधव हे नाशिकजवळच्या ओझरहून मुंबईत आलेल्या दलित कामगाराचे चिरंजीव. शिवाय मराठा, कुणबी, बौद्ध, वडार, कैकाडी आणि मराठी ख्रिस्ती कुटुंबांतही जाधव आहेतच. रामोशी समाजात तर चव्हाण आणि जाधव ही दोन मुख्य कुळेच आहेत.

बंजारा समाजाचे उदाहरण सगळ्यांत बोलके. त्यांच्यातले पमार महाराष्ट्रात पवार झाले, वडत्या हे जाधव झाले. तेच भाऊबंद तेलंगणात ‘वडत्या’ असेच लिहितात. म्हणजे नांदेड जिल्ह्यातल्या तांड्यावरच्या जाधवाचे रक्ताचे नाते सीमेपलीकडच्या वडत्याशी आहे, शेजारच्या गावातल्या मराठा जाधवांशी नाही. आडनाव बघून लिहिणारा प्रगणक इथे हमखास चुकणार.

उलटा घोळही तितकाच नेहमीचा. एकाच आजोबांचे दोन नातू, एक जाधव आणि एक पाटील. वतनाचे किंवा हुद्द्याचे नाव सातबाऱ्यावर चढले आणि कुळाचे नाव शाळेच्या दाखल्यावर राहिले, की असे होते. देशमुख, नाईक, इनामदार आणि गावावरून ‘कर’ लावणारे यांचीही हीच गत. अशा वेळी जातीचा दाखला काढायचा तर दोन्ही नावे एकत्र असलेला, ‘जाधव ऊर्फ पाटील’ असा एक तरी जुना कागद हाती लागला पाहिजे; नुसत्या प्रतिज्ञापत्रावर जात पडताळणी समितीचे समाधान होत नाही.

मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाल्यापासून कुणबी नोंदी शोधणाऱ्यांची तहसील कचेऱ्यांत गर्दी आहे. त्यात सर्रास होणारी चूक म्हणजे गावात एका जाधवाची जुनी कुणबी नोंद सापडली की गावातले सगळे जाधव ती आपलीच समजतात. नोंद आपली ठरते ती वंशावळीने. वंशावळ नेहमी स्वतःपासून मागे न्यावी. पूर्वजापासून पुढे येऊ लागलो की सोयीचा पूर्वज निवडला जातो.

पहिला कागद शाळेचा. वडिलांचा आणि आजोबांचा नुसता दाखला घेऊन भागत नाही, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढावा. दाखल्यावर मागाहून झालेली दुरुस्ती मूळ रजिस्टरात वेगळ्या शाईत उघडी पडते. त्याच्या मागे जायचे तर कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंदवही. नकलेच्या अर्जात गाव, वडिलांचे नाव आणि अंदाजे पाच-सहा वर्षांचा टप्पा द्यावा. आडनावावर भिस्त ठेवू नये, कारण या वह्यांत बहुतेकदा आडनाव नसतेच. ‘म्हादू बिन रामजी’ किंवा खानदेश-वऱ्हाडाकडे ‘म्हादू वल्द रामजी’ आणि पुढे जात, एवढ्यावर नोंद संपते.

जातही कित्येकदा आखडून लिहिलेली. कुणबी आणि कुंभार दोन्ही ‘कु’ने सुरू होतात आणि घाईत लिहिणाऱ्याचा अनुस्वार गळतो. मोडीत शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत. म्हणून एकाच नोंदीचे छायाचित्र पाठवून वाचून घेऊ नये. अख्खे पान वाचावे, त्याच हाताने इतर जाती कशा लिहिल्यात ते ताडून पाहावे. वर्ष आणि गाव पानाच्या मथळ्यात असते, तेव्हा प्रत मथळ्यासकट घ्यावी.

नातवाला आजोबांचे नाव ठेवायची रीत असल्याने रामजी गणपत आणि गणपत रामजी आलटून पालटून येतात. एकाच गावात एका नावाचे दोघे असले की मग जमीनच साक्ष देते. वारसाचा फेरफार (नमुना ६) आणि वारस नोंदवही (नमुना ६ क) काढली की मयताचे वारस नात्यासकट मिळतात. बहिणी आणि विधवांची नावे पुष्कळदा फक्त इथेच सापडतात. जमिनींच्या एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबरांचे गट झाले, त्यामुळे जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता सोबत नसेल तर माणूस भलत्याच शेतात जाऊन पोचतो. मराठवाड्यात कोतवाल बुक मिळेलच असे नाही. तिथे जमिनीचे खासरा पत्रक आणि १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर बघावे. निजामकालीन कागदासाठी उर्दू वाचणारा गाठावा लागतो. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या धागा मिळवायला उत्तम, पण पुरावा म्हणून कच्च्या.

तारीखही सांभाळावी. पुरावा ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा मागतात. तो सहसा वडिलांकडच्या घराण्याचा लागतो. लग्नाने जाधव झालेल्या सुनेला सासरच्या आडनावाचा इथे काही उपयोग नाही. तिने माहेरचे कागद काढावेत.

जनगणनेत उत्तर देणाऱ्यांनीही एवढे करावे. प्रगणकाने जात विचारली की ‘ओबीसी’, ‘व्हीजे’ (विमुक्त जाती) असे सांगू नये. तो प्रवर्ग झाला. बंजारा, रामोशी, वडार, कुणबी, जी असेल ती जात नावानिशी सांगावी आणि लिहून झाल्यावर ती वाचून दाखवायला लावावी.

आपले,
मोडी कागदपत्रे वाचणारे काही अभ्यासक, सातारा