बाबांची 46, माझी 43

पुणे,
29 डिसेंबर 2024

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आज रविवार, म्हणजे आपल्या फोनचा वार. तरी पत्र लिहितेय, कारण फोनवर मी मुद्द्याला हात घातला की बाबा "ते असू दे, तुझा आकडा सांग" म्हणतात आणि अर्धा तास पुस्तकांतच जातो. म्हणून यंदा वाचलेल्या पुस्तकांचा आकडा आधीच सांगून टाकते : 43. एक जानेवारीला मोठ्या तोऱ्यात 50 म्हटलं होतं मी. मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्या दिवशी बाबा म्हणाले होते, "आता तरी पन्नास पूर्ण कर." नाही झाली.

त्या 43 चाही खरा हिशेब देते. त्यात सहा पुस्तकं मी ऐकलेली आहेत, पोळ्या लाटताना, तीही वेग वाढवून. ऐकलेलं धरायचं नाही हे बाबांनी एप्रिलमध्येच बजावलं होतं ("कीर्तन ऐकलं म्हणजे गाथा वाचून होत नाही"), तरी मी धरली. 'रणांगण' एका रात्रीत वाचलं, ते खरं म्हणजे बारीक आहे म्हणून उचललं होतं. पण बोटीवरची ती हॅर्टा डोक्यातून गेली नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिसात काही सुचेना. आणि डिसेंबर संपत आला तशी आकडा वाढवायला चक्क चार फास्टर फेणे वाचले. फर्ग्युसनच्या मैदानावरच्या पुस्तक महोत्सवातून अकरा नवी आणली, ती अजून पिशवीतच आहेत.

फेणे वाचताना मात्र मजा आली. लोडशेडिंगमध्ये कंदिलापाशी तुम्ही वाचून दाखवायचात आणि "ट्टॉक" आलं की मुद्दाम थांबायचात, म्हणजे ते मी करायचं. आई आतून ओरडायची, "झोपवताय का उठवताय तिला?" परवा एकटीने वाचतानाही त्या जागी थांबले.

आता मुद्दा. बाबा, शांतपणे ऐका.

गणपती झाल्यावरच्या रविवारी तुम्ही मला 'माझा प्रवास' सांगितलंत. घरावर कर्ज झालं म्हणून वरसईहून गोडसे भटजी काकांबरोबर उत्तरेत दक्षिणा मिळवायला निघतात आणि नेमके सत्तावन्नच्या बंडात सापडतात. झाशीत गोरे शिरल्यावर दोघं कसे लपले, कसे लुटले गेले, हे तुम्ही असं सांगितलंत की मी भाजी करपवली. तुम्ही म्हणालात, "परवाच संपवलं, माझं अडतिसावं." दिवाळीत आले तेव्हा तीच प्रत हवी होती मला, तुमच्या पेन्सिलच्या खुणांची. कपाट धुंडाळलं. आणि खालच्या कप्प्यासमोर उकिडवी बसलेली असताना आठवलं की ती प्रत आता नाहीच.

ऑगस्ट 2019 चा सांगलीचा पूर. गावभागात पाणी ओसरल्यावर खालचे दोन्ही कप्पे मीच रिकामे केले होते. फुगून पाव झालेली पुस्तकं घमेल्यात भरून दारासमोरच्या ढिगावर टाकली. तुम्ही तेव्हा बाहेर आला नाहीत. हे आठवलं तशी मी आपल्या दोघांच्या पुस्तकांची वही काढली. जुलैनंतर तुम्ही सांगितलेलं एकेक पुस्तक त्याच दोन कप्प्यांतलं. 'बनगरवाडी'सुद्धा.

दुसऱ्या दिवशी पुस्तक बदलायच्या निमित्ताने नगर वाचनालयात गेले. काउंटरवर म्हणाले, साहेब बऱ्याच दिवसांत आले नाहीत, दिवाळी अंकांच्या योजनेचे पैसेही यंदा भरले नाहीत. पुरात त्यांची स्वतःची हजारो पुस्तकं गेली तेव्हासुद्धा तुम्ही वर्गणी चुकवली नव्हतीत. घरी तुमच्या उशाच्या पुस्तकातली खूण गणपतीपासून पान 61 वर आहे, हे तोवर माझ्या लक्षात आलं होतं. आणि आईच्या कपाटात, लॉकरच्या पाकिटाखाली, जूनमधला डॉक्टरांचा कागद. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाहीये. ज्याला पुस्तक पुरात गेल्यावर पाच वर्षांनी झाशीची लूट तशी सांगता येते, त्याने ते वाचलेलंच असतं. माझ्या वहीत मार्चमधल्या एका कादंबरीचं नाव आहे आणि तिच्यात काय होतं ते मला ओळभरही सांगता येणार नाही. तुमचे 46 मी खोडलेले नाहीत. राग माझा मला येतो. दर रविवारी "किती झाली, किती झाली" करून मीच तुमच्या मागे लागले होते, शर्यत लावल्यासारखी. दिसतंय का नीट, हे एकदाही विचारलं नाही.

तर ठरवलंय. गुरुवारी 9 जानेवारीला मिरजेत तुमच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तारीख घेतली, आगाऊ पैसे भरले, माझी 7 पासून 19 पर्यंतची रजा मंजूर झाली. विचारायला हवं होतं, कबूल. पण विचारलं असतं तर तुम्ही "पिकू दे अजून" म्हणाला असतात. ते पिकण्याचं जुन्या पद्धतीत होतं, बाबा. आता फेकोने करतात, बारीक छेद घेऊन आतलं भिंग फोडून काढतात आणि कृत्रिम बसवतात. उलट फार पिकलं तर ते कडक होतं आणि काढायला अवघड जातं. मी डॉक्टरांशी पाऊण तास बोलले. कुंदाआत्याच्या वेळची गोष्ट वेगळी होती, ती का वेगळी होती तेही तुम्हाला माहीत आहे. पुण्यात करावं असंही मनात आलं होतं. पण इथे तुम्हाला तिसऱ्या मजल्यावर कोंडून ठेवायचं, सकाळी गणपतीच्या देवळापर्यंतची फेरी नाही, ओळखीचं माणूस नाही, आणि आईला माझ्या गॅसवर भाकरी जमत नाही. मिरज आपल्या हाकेवर. सकाळी जायचं, संध्याकाळी आपल्या पलंगावर. डोळा थेंबांनीच बधीर करणार आहेत असं डॉक्टर म्हणाले. तुमचा रेडिओ उशाशी, चहा साडेचारलाच. डावा डोळा पुढे काही आठवड्यांनी, त्याचं नंतर बघू. पैशांचा विषय काढायचा नाही.

आई, तू पंचांग काढायच्या आधी सांगते : हो, परवापासून पौष लागतोय, मला माहीत आहे. पण हे लग्नकार्य नाही. आणि संक्रांत 14 ला आहे, तुझं हळदीकुंकू ठरल्याप्रमाणे होईल, वाण मी इथून घेऊन येते, तिळाचे लाडूही मी वळीन. वाकडे होतील. तुझ्यावरही मी रागावलेले नाही. त्यांनी शपथ घातली असणार, ओळखते मी दोघांना. सकाळी तू त्यांना पेपर मोठ्याने वाचून दाखवत होतीस, अगदी अग्रलेखासकट, आणि मी आल्यावर म्हणालीस की हल्ली मलाच आवडायला लागलंय! "मला कुठे वाचायला वेळ" म्हणणारी तू, तुझी पानं मोजली तर आम्हा दोघांनाही भारी पडशील.

आता दोघांनी नीट वाचा. सोमवारी 6 तारखेला उपाशीपोटी साखर तपासून घ्यायची, रिपोर्ट मला पाठवायचा. साखर जास्त आली तर डॉक्टर तारीख पुढे ढकलतील आणि मग मी खरंच भांडेन, तेव्हा बाबा, कोपऱ्यावरच्या दुकानातली जिलबी बंद. मागच्या खिशातल्या कागदाचा वास मला येतो. संध्याकाळनंतर स्कूटर काढायची नाही, समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलंय, कागदावर लिहिलेलं आहे. ऑपरेशननंतर काही दिवस डोक्यावरून अंघोळ नाही, पूजेला वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, रात्री झोपताना डोळ्यावर झाकण. थेंबांच्या वेळा मी मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावणार आहे. आई, त्या दिवसांत फोडणीच्या वेळी त्यांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नकोस, मीठ कमी आहे का बघायला येतात ते.

वाचायचा नवा चष्मा साधारण महिन्याभराने मिळेल. तोवर ऐकलेलं न धरण्याचा नियम मागे घ्या. मी असेपर्यंत रोज रात्री मी वाचीन, नंतर नऊ वाजता फोनवर. कोणतं पुस्तक ते तुम्ही सांगा. माझ्या मनात 'माझा प्रवास'च आहे, ग्रंथसंग्रहालयातून आणलेलं मी नुकतंच संपवलं. तुम्ही मला शेवट सांगितला नव्हतात. सगळं लुटलं जाऊनही भटजी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी येतात आणि त्यांना त्या पाण्याने अंघोळ घालतात. तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं थोडा वेळ. मी काही कावड आणत नाहीये, थेंबांच्या बाटल्या आणि काळा गॉगल आणतेय.

2025 चा आकडा तुम्ही ठरवायचा, चष्मा आल्यावर. पाच म्हणालात तरी चालेल.

रागावला असाल तर रविवारपर्यंत रागवा, सोमवारी साखर तपासायची आहे.

तुमची,
मनू

ता. क. : अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, काळ्या मार्करने, म्हणून पानं इतकी झाली. बाबांना खिडकीशी बसून आधी स्वतः वाचू दे, आई. नाही जमलं तर तू वाचून दाखव. जिलबीचं गाळायचं नाही.