गाड्या नंतर, आधी वीजजोडणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखादी कंपनी आपला सगळा ताफा इलेक्ट्रिक करणार म्हटले की बातमीत दोनच गोष्टी असतात: गाड्या किती आणि कोणत्या सालापर्यंत. सोबत फोटो, रांगेत उभ्या केलेल्या कोऱ्या गाड्यांचा. मालवाहतुकीच्या यार्डाचे काम बघत असल्यामुळे माझी नजर त्या फोटोत मागच्या भिंतीकडे जाते. तिथे चार्जर दिसतात का, एवढेच मी बघतो. बहुधा दिसत नाहीत.

ताफा बदलणे म्हणजे खरेदी विभागाचे काम, असा सगळ्यांचा समज आहे. माझ्या मते त्यातले निम्म्याहून अधिक काम विजेचे आणि वेळापत्रकाचे आहे. डिझेलची गाडी पंपावर पाच-दहा मिनिटे थांबली की दिवसभराची सोय होते. इलेक्ट्रिक गाडी मात्र उभी असतानाच पोट भरते. त्यामुळे ती कुठे आणि किती तास उभी असते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने गाडीचा दरही विचारू नये.

एक साधा हिशेब मांडतो. समजा, यार्डात २० छोट्या डिलिव्हरी व्हॅन आहेत आणि प्रत्येक रोज ८० किलोमीटर धावते. अशा व्हॅनला किलोमीटरमागे साधारण पाव युनिट लागते, म्हणजे दिवसाला २० युनिट. चार्जिंगमधली गळती धरून २२. प्रत्येकीला ७.४ किलोवॅटचा चार्जर दिला आणि संध्याकाळी सात वाजता आल्या आल्या सगळ्या चालकांनी प्लग लावले, तर यार्डावर एकदम १४८ किलोवॅटचा भार येतो. तीन तासांत काम संपते आणि उरलेली रात्र केबल नुसत्या लटकत राहतात. तेच ४४० युनिट रात्रीच्या दहा तासांवर पसरले तर ४४ किलोवॅटमध्ये भागते. गाड्या त्याच, चार्जर तेच, सकाळी बॅटरीही तेवढीच भरलेली. पण पहिल्या रीतीने मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची याची वीज कंपनीकडून घेतलेली मर्यादा, तिपटीहून जास्त घ्यावा लागतो, कदाचित नवा ट्रान्सफॉर्मर बसवावा लागतो, आणि जिथे कमाल मागणीवर, म्हणजे महिन्यात एकदम ओढलेल्या सर्वांत मोठ्या भारावर, आकारणी होते तिथे दर महिन्याच्या बिलात त्याची किंमत मोजावी लागते. भार असा वाटून देणारे चार्जर बाजारात आहेत. गाड्यांच्या कोटेशनमध्ये त्यांचा उल्लेखच नसतो, म्हणून ते कुणी मागत नाही.

गाड्या कधी मिळणार याची तारीख विक्रेता लगेच देतो. वाढीव भाराची मंजुरी, रोहित्र, जमिनीखालची केबल, तपासणी यांना वेळ लागतो, आणि जागा भाड्याची असेल तर आधी मालकाची परवानगी. मग गाड्या दारात आणि अर्ज टेबलावर, अशी अवस्था होते. तोपर्यंत बाहेरच्या फास्ट चार्जरवर दिवस काढावे लागतात. तिथली वीज यार्डातल्या विजेपेक्षा सहसा महाग पडते, शिवाय चालकाचा वेळ जातो तो वेगळाच. ८० टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावते, त्यामुळे ‘पूर्ण भरूनच निघतो’ म्हणणारा चालक पुढची डिलिव्हरी हमखास चुकवतो.

जागेवर गेल्याशिवाय न कळणारी आणखी एक गोष्ट. काही गाड्यांचा चार्जिंग पोर्ट पुढे नाकावर असतो, काहींचा मागे बाजूला. माल चढवायला गाडी धक्क्याला पाठ लावून उभी राहते. पोर्ट पुढे आणि चार्जर मागच्या भिंतीवर असला की केबल पुरत नाही, किंवा हातगाड्यांच्या वाटेत आडवी पडते आणि आठवडाभरात तिचा प्लग कुणाच्या तरी चाकाखाली येतो. चार्जर लावण्याआधी यार्डात खडूने रेघा मारून गाड्या एकदा उभ्या करून बघाव्यात. त्याला खर्च काही नाही.

कोणती गाडी आधी बदलायची, यावर कंपन्यांचे वागणे मला उलटे वाटते. इलेक्ट्रिक गाडी घेताना महाग आणि चालवताना स्वस्त. म्हणजे जी जास्त धावते तीच पैसे लवकर फेडते. प्रत्यक्षात पहिली इलेक्ट्रिक गाडी मिळते साहेबांना, आणि ती दिवसभर पार्किंगमध्ये उभी असते! ठरलेला मार्ग, रोजची भरपूर धाव आणि रात्री मुक्काम यार्डात, या तीन अटी पाळणारी गाडी पहिली. चीनमधल्या शेन्झेनने २०१७ पर्यंत आपल्या १६,००० हून अधिक सिटी बस इलेक्ट्रिक केल्या. बसला मार्ग आणि डेपो दोन्ही ठरलेले असतात, हे त्यामागचे मोठे बळ. जी गाडी चालक रात्री घरी नेतो तिचा प्रश्न वेगळा. घरच्या मीटरवरची वीज कुणाच्या खात्यात, हे आधी लेखी ठरवावे.

पल्ल्याबद्दल, म्हणजे एका चार्जिंगवर गाडी किती धावते याबद्दल, फार लिहीत नाही. कंपनीने छापलेला आकडा चाचणीतला असतो. पूर्ण माल, चढ, कडाक्याची थंडी आणि चालू हीटर धरून वर्षातल्या सर्वांत वाईट दिवसाचा हिशेब करावा. देखभालीतही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंजिन ऑईल, त्याचा फिल्टर आणि क्लच यांचे काम उरत नाही आणि ब्रेक पॅड जास्त टिकतात, हे खरे. पण गाडी जड आणि पहिल्याच झटक्याला जोर मोठा, म्हणून पाय जड असलेल्या चालकाच्या हाती टायर लवकर झिजतात. आणि इतकी मोठी बॅटरी असूनही गाडी सकाळी सुरूच होत नाही, तेव्हा दोष अनेकदा १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीत निघतो.

मी इलेक्ट्रिक ताफ्याच्या विरोधात नाही. शहरातल्या डिलिव्हरीसाठी मला तरी डिझेलची नवी व्हॅन आज घ्यावीशी वाटत नाही. माझी तक्रार कामाच्या क्रमाबद्दल आहे. लॉगबुक आणि ट्रिपशीट काढून वर्षभराची धाव मांडायची, मग वीजजोडणीचा अर्ज करायचा आणि त्यानंतर गाड्यांची ऑर्डर द्यायची.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. ताफ्याच्या पुढच्या घोषणेच्या वेळी गाड्यांच्या संख्येबरोबर प्रत्येक गाडीची रोजची सरासरी धाव आणि चार्जिंगसाठी मंजूर झालेला भार, हे दोन आकडेही कंपनीला विचारावेत आणि छापावेत. उत्तर मिळाले नाही, तर तेही छापावे.

आपला,
यार्डाचे काम पाहणारा एक वाचक