रंगाचे सांडपाणी उन्हात निवळते, पण कुठले?

संपादक महोदय,

उन्हात रंगाचे रेणू तोडणारा लेप दिलेल्या काचेवरून रंगीत सांडपाणी फिरवले की ते निवळते, हे खरे. पण किनारपट्टीवरच्या टाय-डाय, बाटिकच्या शेडमधून दोन तऱ्हांचे पाणी निघते. रंगाच्या टाकीतल्या पाण्यात लिटरमागे 40 ते 80 ग्रॅम मीठ आणि वर सोडा असतो, पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) 10-11. ते इतके गडद की ऊन लेपापर्यंत पोचतच नाही. शिवाय रंग तोडणाऱ्या हायड्रॉक्सिल रॅडिकलना (उन्हात लेपावर तयार होणाऱ्या अतिक्रियाशील कणांना) मीठ-सोड्यातले क्लोराइड-कार्बोनेटच खाऊन टाकतात. हे पाणी वेगळे साठवावे. काचेवर सोडावे ते शेवटच्या धुण्याचे फिके पाणी, तेही सुती कपड्यातून गाळून.

लेप टायटॅनियम डायऑक्साइडचा असावा. झिंक ऑक्साइड स्वस्त, पण आम्लात विरघळते आणि आपल्या जांभ्यातल्या विहिरींचे पाणी मुळात किंचित आम्लधर्मी. साध्या काचेवर आधी सिलिकाचा पातळ थर हवा. नाहीतर 450 अंश सेल्सियसवर तासभर भाजताना काचेतले सोडियम लेपात शिरते आणि तो निकामी होतो. थंड झाल्यावर चिकटपट्टी लावून ओढा. पांढरी पूड पट्टीवर आली तर तो लेप पहिल्याच आठवड्यात पाण्याबरोबर जाणार.

काच दक्षिणेकडे 15 अंश उतरती ठेवून त्यावरून अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ धार पंपाने फिरवत ठेवावी. पडताना पाण्यात मिसळणारा ऑक्सिजनही या क्रियेला लागतो. पीएच 5 ते 6 ठेवला की रिअ‍ॅक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारा) लेपाला चांगला चिकटतो. हा लेप उन्हातला यूव्ही (अतिनील) भागच वापरतो, जेमतेम 4-5 टक्के, म्हणून काम तासांचे आहे. पावसापासून वाचवायला वर पॉलिकार्बोनेटचा पत्रा घातला तर नेमका तोच यूव्ही अडतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर या यंत्रणेवर विसंबू नये.

सर्वांत महत्त्वाचे मोजमापाचे. शेजारी बिनलेपाची काच ठेवा, कारण काही रंग नुसत्या उन्हानेही उडतात. सुरुवातीला अर्धा तास अंधारात पाणी फिरवा, म्हणजे लेपाला नुसता चिकटलेला रंग 'नष्ट झाला' म्हणून मोजला जाणार नाही. रंग गेल्यावरही रेणूचे तुकडे पाण्यात उरतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप) लिटरला 250 मिलिग्रॅमच्या खाली आल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल हाती येईपर्यंत ते पाणी परसात सोडू नये. जांभ्यातून ते शेजाऱ्याच्या विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. अशा यंत्रणेला परवाना किंवा अनुदान देताना पंचायतींनी हाच अहवाल मागावा, नितळ पाण्याची बाटली पाहून सही करू नये.

– एक वाचक, फोंडा